एका ओटीटी सेवेचे ऑडिओ डिस्क्रिप्शन: दृश्याकडे लक्ष, ध्वनीकडे दुर्लक्ष

दृष्टी गेलेल्या किंवा क्षीण झालेल्या प्रेक्षकांना चित्रपट आणि मालिका समजाव्यात म्हणून आता बहुतेक मोठ्या ओटीटी सेवा ऑडिओ डिस्क्रिप्शनची सोय देतात. दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक निवेदक पडद्यावर काय चालले आहे ते मोजक्या शब्दांत सांगतो आणि हे वर्णन मूळ ध्वनीत मिसळलेला एक वेगळा ऑडिओ ट्रॅक म्हणून निवडता येते. गेले काही महिने अशाच एका सेवेवरचे चित्रपट आणि मालिका मी माझ्या मावशीबरोबर ऐकत आहे. तिच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग निकामी झाल्यामुळे तिला पडद्यावरचे चेहरे आणि अक्षरे दिसत नाहीत. कडेच्या हालचाली तेवढ्या जाणवतात. तिच्याबरोबर ऐकताना मी अनेकदा पडद्याकडे पाठ करून बसले, कारण या सोयीचे मूल्यमापन डोळे उघडे ठेवून करणे योग्य नाही, असे मला वाटते. माझे मत आधीच सांगते. या सेवेचे वर्णन लेखन म्हणून चांगले आहे, काही ठिकाणी तर फार चांगले आहे. मात्र ज्या ध्वनीत ते मिसळायचे आहे, तो ध्वनी लिहिणाऱ्यांनी आणि मिसळणाऱ्यांनी पुरेसा ऐकलेला नाही. ज्यांच्यासाठी अख्खा चित्रपट कानातच घडतो, त्यांच्या बाबतीत ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

चालत्या चित्राला सोबत करणारा निवेदक बोलपटाहूनही जुना आहे. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारे, पात्रांचे आवाज काढणारे ‘बेन्शी’ इतके लोकप्रिय होते, की प्रेक्षक त्यांच्या नावावर खेळाला येत. दृष्टिहीनांसाठीच्या वर्णनाची रीतसर मांडणी 1970 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात ग्रेगरी फ्रेझिअर यांनी केली. 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फान्स्टील यांनी नाटकांचे वर्णन सुरू केले, 1990 मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ते दूरचित्रवाणीवर नियमितपणे आणले आणि 2015 मध्ये नेटफ्लिक्सने आपल्या मालिकांना अशी वर्णने जोडायला सुरुवात केली. पुढे या सोयीची वाढ कायद्याने रेटली. ब्रिटनमध्ये वाहिन्यांना साधारणपणे 10 टक्के कार्यक्रमांना वर्णन द्यावे लागते, तर अमेरिकेत ठरावीक वाहिन्यांना 2018 पासून दर तिमाहीत 87.5 तासांचे बंधन आहे. या बंधनांमुळे वर्णन मिळू लागले, ही मोठीच गोष्ट झाली. पण तास मोजता येतात. एखाद्या स्वरावर निवेदक बोलला की त्याने तो स्वर जाऊ दिला, याची मोजदाद कोणत्याच तक्त्यात होत नाही. या सेवेच्या यादीत वर्णनासह उपलब्ध असलेल्या चित्रपटांची संख्या मोठी आहे आणि माझा आक्षेप त्या संख्येच्या पलीकडचा आहे.

आधी जे चांगले आहे ते. वर्णनाची भाषा नेमकी आहे. तीन सेकंदांच्या फटीत सात-आठ शब्दांहून अधिक मावत नाहीत, आणि तेवढ्यात माणूस, कृती आणि त्या कृतीतला भाव पोचवायचा असतो. ‘ती पत्राची बारीक घडी करून बाहीत सरकवते’ या वाक्यात ‘लपवते’ हा शब्द नाही, तरी लपवणे आहे. निवेदकाने पात्राच्या मनात शिरून ‘ती घाबरली आहे’ असे सांगण्याऐवजी ‘तिचा अंगठा कडीवरून निसटतो’ असे सांगणे किती अवघड असते, हे स्वतः एक-दोन प्रसंग लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. चेहऱ्यांची, कपड्यांची, जागांची ओळख या सेवेत योग्य वेळी होते. पात्राचे नाव चित्रपटात उच्चारले जाण्याआधी सहसा घेतले जात नाही. पडद्यावर उमटणारी पाटी किंवा फोनवरचा संदेश वाचून दाखवला जातो. मावशीला एका मालिकेतल्या घराचा जिना, गच्ची आणि मागचे दार यांची मांडणी माझ्यापेक्षा पक्की पाठ झाली, याचे श्रेय त्या वर्णनालाच द्यायला हवे.

अडचण सुरू होते ती वर्णन आणि ध्वनी एकमेकांना भेटतात तिथे. चित्रपटाचा ध्वनी मुळातच पुष्कळ काही सांगत असतो. पावले फरशीवर आहेत की लाकडी तक्तपोशीवर, खोली रिकामी आहे की सामानाने भरलेली, बोलणारा जवळ आहे की दाराबाहेर, हे ध्वनिमिश्रण करणाऱ्याने विचारपूर्वक ठरवलेले असते. फोली कलावंत पावलांचा, कपड्यांच्या सळसळीचा, भांडे ठेवल्याचा आवाज चित्र पाहत पुन्हा निर्माण करतात, तो याचसाठी. ज्याने वर्षानुवर्षे कानांवर भिस्त ठेवली आहे, त्याला हे सारे आपल्यापेक्षा लवकर कळते. अशा वेळी फोन खणखणत असताना ‘फोन वाजतो’ आणि दार आपटल्यावर ‘तो दार आपटतो’ असे सांगणे म्हणजे श्रोत्याचा अपुरा वेळ वाया घालवणे होय. उलट जिथे आवाजाचा उगम कळत नाही तिथे वर्णनाची खरी गरज असते. एका रहस्यपटात काच फुटल्याचा मोठा आवाज होतो, सगळे गप्प होतात, आणि काय फुटले हे निवेदक सांगतच नाही. त्या वेळात तो खोलीतल्या पडद्यांचा रंग सांगत असतो. तो आरसा होता, हे मी वळून पाहिले म्हणून मला कळले. मावशीने मात्र पुढचा सगळा प्रसंग खिडकी फुटून कोणी आत आले आहे, अशा समजुतीत ऐकला.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा आक्षेप त्यात सामावलेला आहे. एका कौटुंबिक चित्रपटात वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगी त्यांची खोली आवरायला येते. सुमारे दीड मिनिट संवाद नाही. घड्याळाची टिकटिक आहे, बाहेर दूरवर मुले खेळत आहेत, ती एकेक कप्पा उघडते आणि मिटते. मग टिकटिक थांबते. घड्याळ बंद पडलेले नाही. दिग्दर्शकाने ती ध्वनीतून काढून घेतली आहे, कारण मुलीला आता ती ऐकू येत नाही. तिच्या हाती काहीतरी लागले आहे. दोन-तीन सेकंद पूर्ण शांतता, आणि मग चेलो या मोठ्या तंतुवाद्याचा एकच लांब, खालचा स्वर. तो स्वर या चित्रपटात वडिलांच्या संदर्भात याआधी दोनदा आलेला असतो, त्यामुळे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला हाती काय लागले याची चाहूल त्या स्वरानेच लागते. आता वर्णन काय करते? पहिले मिनिटभर निवेदक जवळजवळ गप्प असतो. कप्पे, टिकटिक, मुले हे सगळे निर्वेध ऐकू येते. टिकटिक थांबते त्याच क्षणी तो बोलू लागतो. ‘कप्प्यात तळाशी एक जुना फोटो आहे. फोटोत तरुण वडील तिला खांद्यावर घेऊन उभे आहेत. ती फोटोवरून बोट फिरवते. तिचे डोळे भरून येतात.’ शब्द सगळे योग्य आहेत. पण शांतता गेली, चेलोचा आरंभ गेला, आणि स्वर ऐकू येऊ लागतो तोवर तो ओसरत आलेला असतो. फोटोची माहिती आधीच्या टिकटिकीच्या मिनिटात, कप्पा उघडताना सहज देता आली असती. मग शांततेसाठी ‘ती थबकते’ एवढे दोन शब्द पुरले असते. किंवा फोटोचे वर्णन स्वर विरल्यावर करता आले असते, कारण कॅमेरा त्यानंतरही फोटोवर रेंगाळतो. मावशी आयुष्यभर गाणे ऐकत आलेली आहे. ती एवढेच म्हणाली, ‘अगं, त्याला जरा थांबायला सांग ना, आत्ता काहीतरी वाजत होतं.’

वर्णन लिहिणाऱ्याला बहुधा संवादांच्या वेळा नोंदवलेली संहिता मिळते आणि तिच्यातली प्रत्येक संवादरहित जागा त्याला मोकळी दिसते. ती तशी नसते. तिथे संगीत असते, वातावरणाचा ध्वनी असतो, आणि कधी कधी हेतुपूर्वक योजलेली शांतता असते. संगीताचा कुठला भाग पार्श्वभूमीसारखा वाहतो आहे आणि कुठला काही सांगतो आहे, हा फरक लिहिणाऱ्याने कानाने करायचा असतो, आणि त्यासाठी त्याने एकदा तरी चित्र न पाहता पूर्ण चित्रपट ऐकायला हवा. या सेवेवरच्या ज्या मोजक्या चित्रपटांचे वर्णन मला मनापासून आवडले, त्यांत हे झालेले आहे, असे स्पष्ट जाणवते. त्यांतल्या एका युद्धपटात स्फोटानंतर नायकाच्या कानात नुसता बारीक सूर घुमत राहतो, तेव्हा निवेदक ती सगळी वेळ गप्प राहतो आणि बाहेरचे आवाज परत आल्यावर एका वाक्यात काय उरले आहे ते सांगतो.

मिश्रणाची तक्रार याहून तांत्रिक आहे, पण कानाला ती सतत टोचते. निवेदक बोलू लागला की मूळ ध्वनीची पातळी खाली आणली जाते आणि तो थांबला की वर नेली जाते. हे करावेच लागते, नाहीतर शब्द संगीतात बुडतील. प्रश्न ते कसे करायचे हा आहे. या सेवेवरच्या बऱ्याच मालिकांत पातळी एकदम खाली येते आणि एकदम वर जाते, त्यामुळे संगीत दर काही सेकंदांनी हिसका दिल्यासारखे मागे-पुढे होते. दोन वाक्यांमधल्या अर्ध्या सेकंदातही ते उसळी मारून पुन्हा दबते. पावसाचा प्रसंग असेल तर पाऊसच थांबून पुन्हा लागल्यासारखा भासतो. खरे तर शब्द समजण्यासाठी सगळा ध्वनी दाबण्याची गरज नसते. व्यंजनांची स्पष्टता मुख्यतः 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर अवलंबून असते. वर्णन चालू असताना संगीताचा तेवढाच पट्टा हळुवारपणे खाली आणला, तर खालचे स्वर आणि पावसाची संततधार तशीच राहते आणि शब्दही स्वच्छ ऐकू येतात. ध्वनिमिश्रण करणारे लोक एरवी संवाद आणि संगीत यांचा मेळ घालताना हेच करतात. तेच कसब वर्णनाच्या ट्रॅकसाठी वापरले जात नाही, याचा मला खेद वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहूनही खटकते. याच सेवेवर मूळ भाषेचा ट्रॅक ध्वनीच्या 5.1 वाहिन्यांत (भोवतालचे पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक), काही वेळा त्याहून अधिक दिशांत मिळतो, पण वर्णनाचा ट्रॅक मी तपासलेल्या सगळ्या शीर्षकांत दोनच वाहिन्यांचा, म्हणजे साधा स्टिरिओ होता. ज्याला दिसते त्याच्यासाठी मागून येणाऱ्या पावलांची दिशा ही एक भर आहे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ती माहिती आहे. बोलणारा डावीकडून उजवीकडे गेला, गाडी डोक्यामागून येऊन समोर थांबली, हे दिशेने कळले असते तर वर्णनाचे तेवढे शब्द वाचले असते. शिवाय समोरच्या मधल्या स्पीकरमधून संवाद येत असताना निवेदकाचा आवाज किंचित बाजूला ठेवला, तर तो पात्रांच्या जगाबाहेरचा आहे हे कानाला आपोआप कळते. स्टिरिओत ही दोन्ही माणसे एकाच जागेवर उभी राहून बोलल्यासारखी वाटतात, आणि निवेदकाचा आवाज एखाद्या पात्राच्या आवाजाशी मिळताजुळता असेल तर गोंधळ होतो. चित्रगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीत वर्णनाला स्वतंत्र वाहिनी राखलेली असते. प्रेक्षक ते कानाशी लावलेल्या यंत्रातून ऐकतो आणि सभागृहातला ध्वनी त्याच्याभोवती अखंड राहतो. घरी तोच प्रेक्षक चपटा, दबलेला ध्वनी ऐकतो.

वेळेच्या बाबतीत ही सेवा कधी अचूक असते, कधी नाही. विनोदी प्रसंगात माणूस घसरून पडणार असेल तर ते पडण्याआधी सांगितले की हसू मरते आणि फार उशिरा सांगितले की धडपडीचा आवाज अर्थहीन उरतो. इथल्या विनोदी मालिकांच्या वर्णनकारांना हे उत्तम साधले आहे. ‘तो मागे सरकतो, मागे बादली आहे’ एवढे सांगून ते थांबतात आणि उरलेले काम आवाजावर सोडतात. मी आणि मावशी तिथे एकाच वेळी हसलो. रहस्यपटांत मात्र एक गंभीर चूक आढळली. चित्रपटात ज्याचा फक्त आवाज ऐकू येतो, देह दिसत नाही, अशा पात्राला विलक्षण ताकद असते. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी 1980 च्या दशकात या प्रकारच्या आवाजावर बारकाईने लिहिले आहे. तो कुठेही असू शकतो, सगळे पाहत असू शकतो, आणि त्याचा चेहरा दिसला की त्याची ती ताकद संपते. अशा एका चित्रपटात फोनवरून धमकावणाऱ्याचा नुसता हात पडद्यावर दिसतो, तेव्हाच निवेदक त्याचे नाव घेतो. ते नाव चित्रपट आणखी पाऊण तासाने उघड करणार असतो. पाहणाऱ्याला जे माहीत नाही ते ऐकणाऱ्याला आधी कळले, तर वर्णनाने चित्रपट समजावण्याऐवजी तो संपवला, असेच म्हणावे लागेल.

गाण्यांच्या बाबतीत नियम अगदी सोपा असायला हवा: शब्दांवर बोलू नये, दोन कडव्यांमधल्या वाद्यांच्या जागेत बोलावे, आणि तिथेही एखाद्या वाद्याची लक्षणीय जागा आली तर ती सोडावी. संगीतप्रधान चित्रपटांत या सेवेने हा नियम अर्धाच पाळला आहे. ध्रुवपद पहिल्यांदा येते तेव्हा निवेदक गप्प असतो, पण पुन्हा येते तेव्हा शब्द एकदा ऐकून झाले आहेत, अशा समजुतीने तो त्यावर बोलतो. गाणे ऐकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, की परत आलेले ध्रुवपद पहिल्यासारखे नसते; मधल्या कडव्याने त्याचा अर्थ बदललेला असतो आणि गायकही ते वेगळ्या वजनाने म्हणतो. नृत्याचे वर्णन करताना वाक्यांची लांबी तालाला धरून ठेवण्याचा प्रयत्न मात्र एका चित्रपटात दिसला आणि तो ऐकताना फार सुख झाले.

निवेदकांचे आवाज बहुतांशी चांगले निवडले आहेत. आवाज पात्रांहून वेगळा हवा, पण परका नको. भावना ओतणारा नको, पण कोरडाही नको. एका लांबलचक मालिकेत पहिल्या सीझनचा निवेदक दुसऱ्या सीझनमध्ये बदलला आणि त्याबरोबर पात्रांना ओळखण्याच्या खुणाही बदलल्या. पहिला ज्याला ‘उंच हवालदार’ म्हणे, त्याला दुसरा ‘दाढीवाला पोलीस’ म्हणू लागला, आणि ते एकच आहेत हे कळायला मावशीला दोन भाग लागले. काही जुन्या शीर्षकांना संगणकाने घडवलेला आवाज दिला आहे. वर्णन मुळीच नसण्यापेक्षा ते बरे, हे मला मान्य आहे. परंतु तो आवाज संगीताच्या लयीनुसार श्वास घेऊ शकत नाही, वाक्य कुजबुजीच्या प्रसंगात हळू आणत नाही, आणि मृत्युशय्येजवळही बातम्यांच्या सुरातच बोलतो. माहितीपटांत तो चालून जातो, कथापटांत तो मला असह्य झाला.

परभाषेतल्या चित्रपटांची अवस्था सर्वांत वाईट आहे. डब केलेले संवाद अनेक भाषांत असतात, पण वर्णन बहुतेक वेळा मूळ भाषेतच असते, म्हणजे एकतर संवाद कळतात किंवा दृश्य कळते. मूळ आवाजांवर सबटायटल वाचून दाखवणारा वेगळा आवाज आणि त्याबरोबर वर्णन, अशी सोय जगात काही ठिकाणी केली जाते. या सेवेवर मला ती कुठेही आढळली नाही.

वापरण्यातली सोय बरी आहे. वर्णन असलेल्या शीर्षकांची वेगळी यादी आहे, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, बहुतेक बटणे नीट वाचता येतात आणि एकदा निवडलेला ट्रॅक पुढच्या भागात कायम राहतो. यंत्र बदलले की मात्र निवड पुसली जाते, आणि सुरुवातीच्या पडद्यावर आपोआप चालू होणारे तुकडे स्क्रीन रीडरच्या आवाजावर कुरघोडी करतात. ते बंद करण्याचा पर्याय आत इतका खोल दडवला आहे, की दृष्टी नसलेल्या माणसाने तो स्वतः शोधून काढणे कठीण आहे. निवेदकाचा आवाज वेगळा लहान-मोठा करण्याची सोय नाही, कारण तो मूळ ध्वनीत आधीच मिसळून दिलेला असतो. प्रसारणाच्या काही पद्धतींत वर्णन स्वतंत्र पाठवून ते ऐकणाऱ्याच्या यंत्रात मिसळले जाते आणि त्याची पातळी ज्याची त्याला ठरवता येते. इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवेला हे अशक्य असण्याचे कारण मला दिसत नाही, आणि वयोमानाने कानही मंद झालेल्या श्रोत्यांना याचा सर्वाधिक उपयोग होईल.

चेलोच्या त्या प्रसंगाबद्दल मी सेवेला सविस्तर लिहिले होते, नेमकी वेळ नोंदवून. वर्णनाचे काम बाहेरच्या संस्थांकडून करून घेतले जाते आणि अभिप्राय त्यांच्यापर्यंत पोचवला जाईल, असे सभ्य उत्तर आले. ट्रॅक अजून तोच आहे. तरीही सध्या घरात कोणाला दिसत नसेल, तर ही सेवा घ्यावी, असेच मी सांगेन. सुरुवात विनोदी मालिका, संवादप्रधान कथा आणि माहितीपट यांपासून करावी, कारण त्यांत वर्णन आणि ध्वनी यांची टक्कर कमी होते. संगीतावर किंवा शांततेवर उभा असलेला चित्रपट असेल, तर तूर्त मूळ 5.1 ट्रॅक लावून शेजारी बसावे आणि स्वतः हळू आवाजात, स्वर विरल्यावर सांगावे. आम्ही सध्या तसेच करतो.